डोळा पुण्यात, मालक सिन्नरला

मी फिरस्ता माणूस नाही. घर, प्रयोगशाळा आणि वर्षातून दोनदा तासगाव, एवढाच माझा भूगोल. त्यामुळे फेब्रुवारीतल्या एका शनिवारी पाठीला पिशवी आणि हातात लाकडी पेटी घेऊन मी नाशिकच्या एसटीकडे निघालो, तेव्हा बायकोला खरंच वाटेना. "तुम्ही आणि सहलीला?" ती म्हणाली. सहल नव्हती. एका माणसाला त्याच्याच डोळ्याचा पडदा दाखवायला मी चाललो होतो.

हे ऐकून लोक दचकतात, म्हणून आधीच उलगडून सांगतो. पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत माणसाच्या रक्तातल्या पेशी घेतात आणि त्यांना उलट्या वाटेने मागे नेतात. इतक्या मागे, की आपण पुढे कोण व्हायचं हे त्या पेशींचं ठरलेलंच नसतं. त्यांना मूळपेशी म्हणतात. मग त्यांना हवं ते खाणं देत बसलं, की काही महिन्यांनी त्यांचे मोहरीएवढे गोळे होतात आणि त्या गोळ्यांत डोळ्याच्या आतला पडदा थराथराने उगवतो. अख्खा डोळा नव्हे. बुबुळ नाही, पापणी नाही, नुसता तो पडदा, ज्यावर उजेड पडतो. ज्याच्या रक्तातून तो आला, त्याच्या डोळ्यातला दोषही त्यात उतरतो. जित्या माणसाच्या डोळ्यातून पडद्याचा तुकडा कापून बघता येत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप. दोष कुठे सुरू होतो ते गोळ्यांत बघायचं, औषधं गोळ्यांवर करून बघायची.

यात माझं काम खाऊ घालण्याचं. दिवसाआड जुनं गुलाबी पाणी काढायचं, नवं गुलाबी पाणी घालायचं. शिकलेल्या भाषेत त्याला मोठं नाव आहे, पण काम तेवढंच. गोळ्यांना दिवाळी कळत नाही, रविवार कळत नाही. घरी लेकाच्या वाढदिवसाला मी उशिरा पोचलो असेन, गोळ्यांना कधी उपाशी ठेवलं नाही.

नमुन्यावर कधी नाव नसतं, नुसता क्रमांक. पण नाशिककडच्या एका नमुन्याच्या मालकाने रक्त देताना अट घातली होती: "एकदा मला दाखवायचं." त्याची आणि वरिष्ठांची रीतसर परवानगी झाली, तेव्हा आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "पाटील, तुम्हीच जा. तुम्हीच वाढवलाय." जिवंत गोळे प्रयोगशाळेबाहेर न्यायचे नाहीत हा आमचा नियम. म्हणून त्याच पिढीतल्या एका गोळ्याचे पातळ काप, रंग देऊन काचपट्टीवर बसवलेले, आणि एक लहान सूक्ष्मदर्शक असा ऐवज पेटीत भरला.

इंदिरानगर

पुण्याहून येताना सिन्नर आधी लागतं आणि मला जायचं होतं सिन्नरच्याच बाजूच्या एका गावात. उतरलो असतो तर काम तिथेच होतं. पण ज्या डॉक्टर मॅडमनी रक्त घेऊन पाठवलं त्यांचा हुकूम होता, "आधी मला भेटायचं." म्हणून मुकाट्याने नाशिक गाठलं. इंदिरानगरात खाली त्यांचा दवाखाना, वर घर. साठीच्या बाई, बोलणं तुकडे पाडल्यासारखं. चहा पुढे ठेवला आणि कामाचं बोलल्या.

"भाऊसाहेबांना लहानपणी रात्रीचं दिसेना. मग कडेचं जायला लागलं. आता नळीतून बघावं तसं दिसतं, समोरचं तेवढं. द्राक्षाची बाग त्यावर सांभाळतात. पण या हिवाळ्यात ते समोरचंही धूसर व्हायला लागलंय. अजून दिसतंय तोवर दाखवा, पाटील. पुढच्या वर्षी आलात तर काय दिसेल याचा शब्द मी देत नाही."

एवढं सांगून त्यांनी माझ्यापुढे चिवडा सरकवला. मी खिशातली बाटली काढून हातावर स्पिरीट मारलं, मग चिवड्याला हात घातला. नोकरीने लावलेली ही खोड. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "गावात जरा कमी मारा. आणि जपून बोला. तिथे काय काय पसरलंय मला माहीत नाही."

त्या वाक्याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला.

मिसळ, आणि सिन्नरची जीप

रविवारी सकाळी मॅडमनी मला शहराबाहेर मिसळ खायला पाठवलं. नाशिककरांचा मिसळीवर इतका जीव, की त्यासाठी ते सकाळी सकाळी गाडी काढून शेतात जातात. आंब्याखाली टेबलं मांडलेली, अख्खी कुटुंबं आलेली, काळ्या मसाल्याचा रस्सा वाडग्याने फिरतोय. इथवर ठीक. पण मिसळीबरोबर पापड? दही? आणि वर जिलबी? आमच्याकडे मिसळ म्हणजे घाम फुटायला हवा, इथे तिचे लाड चालले होते. वाढणाऱ्याला मी तसं म्हटलंही. तो म्हणाला, "साहेब, आधी खा तर. भांडण नंतर करू." खाल्ली. भांडण राहूनच गेलं. दुसऱ्यांदा रस्सा मीच मागितला, हे घरी सांगितलेलं नाही.

सिन्नरला उतरून गावाची जीप धरली. ड्रायव्हरचा आग्रह, पेटी टपावर टाका. मी म्हटलं, मी टपावर बसतो, पेटी आत राहील. शेवटी पेटी मांडीवर घेतली. शेजारच्या आजीबाईंनी एक सपाट जागा दिसली म्हणून तिच्यावर आपल्या कोथिंबिरीचा भारा ठेवला. बारीक भिंगांवर कोथिंबीर! पण आजीबाईंपुढे बोलणार कोण? डावीकडे कारखान्यांची निळी छपरं, उजवीकडे कांदा आणि गहू, मग हळूहळू द्राक्षाचे मांडव सुरू झाले. हवा कोरडी, उन्हाला धार नाही. मला आमच्या तासगावच्या रानाची आठवण आली आणि उगाच बरं वाटलं.

मांडवाखाली

भाऊसाहेब रस्त्यापर्यंत घ्यायला आले होते. पन्नाशी ओलांडलेला, उंच, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस. पेटी घ्यायला हात पुढे केला तो माझ्या कोपरावर आपटला. पण बागेत शिरले आणि चाल बदलली. तारेखाली बरोबर तिथे वाकायचे, खांबाला बरोबर वळसा घालायचे. मीच दोनदा तारेला डोकं मारून घेतलं.

"पाटील साहेब, कुठले म्हणायचे तुम्ही?"

"तासगावचा."

"म्हंजे द्राक्षवाले! बरंय. तुमची वाळवायची, आमची खायची."

"आणि राहिलेल्याची दारू करायची," मी म्हटलं. त्यांना ते फार आवडलं.

एक घड तोडून त्यांनी माझ्या हातात दिला. मी मणी धरायला गेलो तर ओरडले, "देठाला धरा, देठाला! लव पुसली का गिऱ्हाईक नाक मुरडतं." मण्यांवर ती पांढुरकी लव होती, पावडर फासल्यासारखी. मी हळूच सांगितलं, की आमच्याकडे ज्याची सगळ्यात जास्त भीती, ते किण्व, म्हणजे यीस्ट, अशाच सालींवर बसून येतं. गोळ्यांच्या भांड्यात एक कण गेला तर सकाळी पाणी गढूळ आणि महिन्यांची मेहनत मोरीत. द्राक्ष खाल्लेला माणूस आमच्याकडे आंघोळ करून, कपडे बदलून, दुसऱ्या दिवशीच आत येतो.

भाऊसाहेब थांबले. "म्हंजे माझ्याच द्राक्षांनी माझाच डोळा नासंल?"

"नक्की नासेल."

ते इतके मोठ्याने हसले की पलीकडच्या ओळीत काढणी करणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या. मग त्यांनी बायकोला हाक मारून ते सगळं पुन्हा सांगितलं. मी तो घड तिथेच उभ्या उभ्या संपवला. आमच्या द्राक्षांपेक्षा आंबट होता, एवढं म्हणून ठेवतो.

डोळा आणला का?

घरासमोर मांडव घातला होता. सतरंज्या, खुर्च्या, आणि तीस-चाळीस माणसं. मला वाटलं कुणाचा साखरपुडा आहे. भाऊसाहेबांच्या पत्नी, मंदावहिनी, पेढ्यांचा डबा घेऊन फिरत होत्या. मी हातावर स्पिरीट मारलं तर त्यांनी विचारलं, "गोमूत्र का हो, भाऊ?" तोवर भाऊसाहेबांचे चुलते, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, काठी टेकत पुढे आले आणि माझ्या पेटीकडे बोट करून म्हणाले, "आणला का डोळा? आन् बसवणार कोण? तुम्हीच?"

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. हा मांडव बारशाचा होता. भाऊसाहेबांचा नवा डोळा पुण्यात जन्मला, तो आज पेटीतून आला आणि आता बसवायचा, अशी बातमी अख्ख्या भावकीत फिरली होती. आमच्याकडेही बातमी अशीच फिरते, पण निदान पेढे कुणी आधी वाटत नाही. एवढ्या माणसांपुढे, हातात पेढा धरून, नाही कसं म्हणायचं?

भाऊसाहेबांनीच सोडवलं. "तात्या, डोळा बसवायचा नाय. मी तुम्हाला परवाच सांगितलं. नवीन औषध आपण आधी सगळ्या बागेवर मारतो का? एक झाड धरतो, त्याच्यावर मारून बघतो. तसं माझं एक झाड ह्यांनी पुण्यात लावलंय."

"मग पेढे कशापाई?" तात्या म्हणाले.

"झाड जगलं म्हणून," भाऊसाहेब म्हणाले, आणि लोक हसले. तात्यांनी आणखी एक पेढा उचलला.

पण मंदावहिनी हसल्या नाहीत. पाण्याचा तांब्या द्यायच्या निमित्ताने त्या जवळ आल्या आणि हळू आवाजात विचारलं, "खरंच नाय बसवता येणार?"

"नाही, वहिनी. आज तरी नाही. कधी येईल ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असल्यासारखं बोलणार नाही."

त्यांनी मान हलवली. मला फार वाईट वाटलं. एखादी गोड थाप मारता आली असती आणि मारली असती तर त्या दिवसापुरती चाललीही असती. त्या म्हणाल्या, "मग निदान ह्यांना दिसू द्या. आठ दिस झाले, नीट झोपले नाय."

मी पेटी उघडली. सूक्ष्मदर्शक ओसरीवर मांडला, काचपट्टी लावली. भाऊसाहेब वाकले. त्यांना शिकवावं लागलं नाही. नळीतून बघायची त्यांना सवयच होती. जांभळ्या-गुलाबी रंगाचे थर बराच वेळ बघून त्यांनी डोकं वर केलं.

"चित्र झकास हाय," ते म्हणाले. "पर हे जितं नाय ना?"

"नाही. हा काप आहे. जिवंत पुण्यात आहेत."

"मी जित्याचं म्हणत होतो, साहेब." आवाजात तक्रार नव्हती. पण चेहरा उतरला होता, आणि तो मला बघवेना.

शेततळ्याच्या बांधावर

रविवारी खाऊ घालायची पाळी मीनलची होती. मीनल म्हणजे माझ्या हाताखाली शिकून माझ्यापेक्षा नीटनेटकी झालेली मुलगी. तिला फोन लावला. ती म्हणाली, "भिंगाला मोबाइल टेकवून दाखवते की सर, त्यात काय." पण ओसरीवर नेटवर्क येईना. मीनलचा चेहरा अर्धा दिसायचा आणि तिथेच थिजायचा.

"शेततळ्यावर चला," कुणीतरी म्हणालं. त्या गावात नेटवर्क लागतं ते शेततळ्याच्या बांधावर; मुली बघायचे कार्यक्रमही म्हणे तिथूनच होतात. मग अख्खी बारशाची मिरवणूक बांध चढून वर गेली. निळा प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यात पाणी, भोवती माणसं, मध्ये मी मोबाइल उंच धरून. चित्र आलं, हललं, गेलं. पुन्हा आलं, पुन्हा गेलं. पलीकडून मीनल म्हणाली, "सर, आता गोळे परत उबेत ठेवावे लागतील. जास्त वेळ बाहेर गार पडतील. थोड्या वेळाने एकदाच काढते, नंतर मला निघायचंय."

एकदाच. मी ते सगळ्यांना सांगितलं. मग सगळे बांध उतरून जेवायला आले.

जेवण मात्र झकास होतं. हुलग्याचे शेंगोळे, बाजरीची भाकरी, ठेचा. आमच्याकडे भाकरी म्हणजे ज्वारीची. बाजरी मी कधी मनापासून खाल्ली नव्हती. त्या दिवशी तीन खाल्ल्या, तरी मंदावहिनी म्हणत होत्या, भाऊ काही जेवलेच नाहीत. भाऊसाहेब अर्धीच खाऊन बसून राहिले. जेवणं उरकल्यावर तात्यांनी रीतीप्रमाणे मला नारळ आणि टॉवेल-टोपी दिली. टोपी घालून, टॉवेल खांद्यावर टाकून मी पुन्हा बांध चढलो, तेव्हा पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या कुणी मला ओळखलं नसतं.

दुपारचं ऊन आता मोबाइलच्या काचेवर चमकत होतं. फोन लागला, चित्र आलं, पण पडद्यावर आमचीच तोंडं दिसायची. भाऊसाहेब डोळे बारीक करून म्हणाले, "लय झळ मारतंय. काय दिसत नाय." उन्हाची चमक त्यांच्या डोळ्यांना आधीच सोसत नाही. मीनल तिकडून म्हणत होती, "सर, दिसतंय का? सर?"

मी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि आम्हा दोघांच्या डोक्यावरून ओढला. जुने फोटोग्राफर काळ्या कापडात शिरायचे, तसे आम्ही दोन बापे नव्या कोऱ्या टॉवेलखाली शिरलो. आत अंधार, कोऱ्या कापडाचा वास, आणि मोबाइल. भाऊसाहेबांनी तो माझ्या हातून घेतला. आधी जवळ धरला, मग हात लांब लांब करत नेला, टॉवेलच्या टोकापर्यंत. तिथे तो त्यांच्या उरलेल्या नजरेत पुरता मावला.

"आला," ते म्हणाले.

गोळा मोबाइलच्या पडद्यावर मधोमध होता. राखाडी, गोल, कडेला काचेसारखी फिकट पट्टी, आणि त्या पट्टीवर बारीक बारीक केसांची लव उभी. ती लव म्हणजे उजेड टिपणाऱ्या पेशींची टोकं. मीनलने भांडं हलवलं तसा तो पाण्यात सावकाश वळला.

"हालतोय!"

"पाण्याने हलतोय," मी म्हटलं. खोटं कशाला बोला.

टॉवेलची कड उचलून मंदावहिनींनी डोकं आत घातलं. गोळ्याच्या एका बाजूला काळा ठिपका होता. पडद्यामागच्या काळ्या पेशी अशा एका कोपऱ्यात साठतात. वहिनींनी तो बघितला आणि म्हणाल्या, "तीट लावली होय तुम्ही! बरं केलंत, भाऊ." मला विज्ञान सांगायचं होतं, पण मी नुसता हो म्हणालो. त्या दिवसातली माझी तेवढी एकच थाप.

बाहेर तात्या विचारत होते, "दिसलं का? अरे, दिसलं का?" आत भाऊसाहेब पापणीसुद्धा हलवत नव्हते.

"माझा आजार ह्याच्यात बी हाय का?" त्यांनी विचारलं.

"आहे. म्हणून तर तो कामाचा. ही जी लव आहे ना, ती याच्यात इतरांपेक्षा लवकर झडेल. ती का झडते, आणि थांबवता येते का, ते बघायचंय."

"आन् आत्ता? आत्ता त्येला दिसतंय का?"

"उजेड पडला की आतल्या पेशी जराशा जाग्या होतात. पण मागे मेंदू नाही, भाऊसाहेब. सांगणार कुणाला? त्याला दिसतं असं नाही म्हणता येत."

मीनलचा आवाज आला, "सर, ठेवू आत?" मी भाऊसाहेबांकडे बघितलं. त्यांनी मोबाइल तसाच लांब धरला होता आणि ते हसत होते, मघाशी बागेत हसले त्याहून पुष्कळ हळू.

"ठेवा, ताई," ते मीनलला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "साहेब, तुम्ही त्येला खायला घालता ना? मग एक निरोप द्या माझा. म्हणावं, घाई करू नको, सावकाश वाढ. तवर तुझ्या वाटचं मी बघतोय."

पुणे

सोमवारी रात्री घरी पोचलो. बरोबर दिलेली द्राक्षांची पेटी बायकोच्या स्वाधीन केली, एकही मणी न खाता. मंगळवारी आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, कोपरापर्यंत हात घासून आत गेलो. मीनल शेजारच्या टेबलावर होती. मी भांडं काढलं, जुनं पाणी ओढून घेतलं, आणि ती ऐकतेय हे माहीत असूनही भाऊसाहेबांचा निरोप शब्दाला शब्द मोठ्याने दिला. मीनल हसली नाही. मग मी नवं पाणी घातलं.